पंगतीतून उठलेला धर्मोपदेशक

(एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा थोडा आटोपता केलेला मसुदा.)



संयोजकांनी मला जो विषय दिला होता तो ‘दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषाचे अर्थकारण’ असा. तो मी माझ्या जबाबदारीवर थोडा वळवून घेतला आहे. अर्थकारण येणारच आहे, परंतु ते एका माणसाच्या चरित्राच्या अंगाने येईल. आणि तो माणूस अर्थशास्त्रज्ञ नव्हे, कामगारांचा पुढारी नव्हे, तर कॅल्व्हिनच्या परंपरेतील डच रिफॉर्म्ड चर्चचा एक धर्मोपदेशक आहे. त्यांचे नाव बेयर्स नॉडे.

याचे कारण असे की, वर्णद्वेषी राजवटीचे अर्थकारण मी वर्गात अनेक वर्षे शिकवले. जमिनीचे कायदे, खाणींतील मजुरी, पास बाळगण्याची सक्ती हे सारे विद्यार्थी निमूटपणे उतरवून घेत. परंतु एका वर्षी एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर विचारले, “सर, ही माणसे दर रविवारी प्रार्थनेला जात असत ना? मग त्यांना काहीच वाटत नसे का?” माझ्याजवळ मजुरीचे तक्ते होते, या प्रश्नाचे उत्तर त्यांत नव्हते. ते शोधता शोधता मी नॉडे यांच्यापर्यंत आलो.

माझ्या पिढीला दक्षिण आफ्रिका कशी ठाऊक होती, हेही सांगितले पाहिजे. 1980 नंतरच्या दशकात मी पहिला पासपोर्ट काढला, तेव्हा ज्या देशांत तो चालणार नव्हता त्यांत दक्षिण आफ्रिकेचे नाव छापलेले होते. 1946 सालीच, म्हणजे स्वातंत्र्य मिळण्याच्या आधी, भारताने त्या देशाशी व्यापार तोडला आणि तेथील हिंदी लोकांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. त्यामुळे तो देश आमच्या दृष्टीने एक काळी भिंत होता. भिंतीच्या आतली गोरी माणसे कशी विचार करतात, याची आम्हांला जिज्ञासा नव्हती. ती असायला हवी होती, असे आता वाटते.

नॉडे यांचा जन्म 10 मे 1915 रोजी योहान्सबर्गजवळच्या रूडेपोर्ट येथे झाला. वडील योझुआ नॉडे हेही धर्मोपदेशक. परंतु त्याआधी ते बोअर युद्धातील योद्धे होते. 1902 मध्ये शरणागतीच्या तहावर बोअरांच्या प्रतिनिधींनी मते दिली, तेव्हा 54 जणांनी तहाच्या बाजूने आणि 6 जणांनी विरुद्ध मत दिले. त्या 6 जणांत योझुआ नॉडे होते. ज्यांच्या हाताखाली ते लढले त्या जनरल बेयर्स यांचे नाव त्यांनी मुलाला दिले. त्या युद्धात इंग्रजांनी उभारलेल्या छावण्यांमध्ये सुमारे 26 हजार बोअर स्त्रिया व मुले रोगराईने आणि उपासमारीने मेली. ही जखम खरी होती. तिची थट्टा करण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु त्याच युद्धात कृष्णवर्णीयांसाठी निराळ्या छावण्या होत्या आणि तेथेही निदान 14 हजार माणसे मेली. त्यांचे नाव बोअरांच्या घरांतून कोणी काढीत नसे. आपले मेलेले तेवढे मोजायचे, ही सवय तेथून लागली.

1918 साली योझुआ नॉडे आणि काही तरुणांनी एक मंडळ स्थापन केले. त्याचे नाव ब्रूडरबाँड, म्हणजे बंधुसंघ. योझुआ त्याचे पहिले अध्यक्ष. पुढे हे मंडळ गुप्त झाले आणि शिक्षक, धर्मोपदेशक, अधिकारी, संपादक यांचे जाळे विणीत विणीत असे वाढले, की 1948 नंतर देशाचा एकेक पंतप्रधान त्याचा सभासद असे. म्हणजे बेयर्स नॉडे ज्या घरात वाढले ते घर राज्यकर्त्यांच्या जातीतलेच नव्हे, तर त्या जातीच्या देवघरातले होते.

आता माझ्या विषयाकडे येतो. हे बोअर, किंवा ते स्वतःला म्हणवीत त्याप्रमाणे आफ्रिकानर, 1930 च्या सुमारास श्रीमंत नव्हते. युद्धाने शेते जळाली होती, मागून दुष्काळ आला, मंदी आली. शेतकरी जमिनीवरून उठून शहरात आला तेव्हा सोन्याच्या खाणी इंग्रज भांडवलदारांच्या ताब्यात होत्या. 1932 साली कार्नेगी आयोगाने आपला पाच खंडी अहवाल दिला. त्यात गरीब गोऱ्यांची संख्या सुमारे 3 लाख असल्याचा अंदाज आहे. त्या वेळी गोऱ्यांची एकंदर लोकसंख्याच 18 लाखांच्या आसपास होती. या दारिद्र्याशी झगडायला डच रिफॉर्म्ड चर्च उभे राहिले. अनाथालये, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, पतपेढ्या अशी जी कामे झाली त्यांची यादी वाचली तर आपल्याकडील कोणत्याही सेवाभावी संस्थेला हेवा वाटेल. 1934 साली किंबर्ले येथे याच प्रश्नावर परिषद भरली. तिच्यात एक तरुण प्राध्यापक पुढे होते, त्यांचे नाव हेन्ड्रिक व्हेरवूर्ट. वर्णद्वेषी राजवटीचे पुढचे शिल्पकार ते हेच. त्यांची सार्वजनिक कारकीर्द गरिबांच्या कल्याणकार्यातून उगवली, ही गोष्ट समाजवाद्यांनी नीट ध्यानात घ्यावी.

कारण या कल्याणकार्याचा खर्च कोणी द्यायचा, हा खरा प्रश्न होता. खाणमालकांकडून तो काढणे कठीण. सोन्याची किंमत जगात ठरलेली, नफ्याला हात लावला की भांडवल हलणार. म्हणून तो काढला गेला तिसऱ्याकडून. 1913 च्या जमीन कायद्याने देशाच्या सुमारे 7 टक्के जमिनीबाहेर कृष्णवर्णीयांना जमीन घेण्याची बंदी केली होतीच. 1936 मध्ये ही मर्यादा वाढवून 13 टक्क्यांच्या आसपास नेली, आणि हे लोक लोकसंख्येच्या दोन-तृतीयांशांहून अधिक. जमीन नाही म्हणून खाणीत यायचे, खाणीत आले तरी कसबी काम कायद्याने गोऱ्यांसाठी राखलेले. रेल्वेतून काळ्या मजुरांना काढून त्या जागी गरीब गोरे भरण्यात आले. गोऱ्या खाणकामगारांनी 1922 साली रँडमध्ये मोठा सशस्त्र लढा दिला, त्या लढ्यातील एका फलकावर जगातील कामगारांना एक होण्याचे आवाहन होते, आणि ते कशासाठी, तर गोऱ्या दक्षिण आफ्रिकेसाठी! मार्क्सच्या घोषणेची इतकी क्रूर विटंबना मी दुसरीकडे वाचलेली नाही. फ्रान्सिस विल्सन या अर्थशास्त्रज्ञाने पुढे हिशेब मांडून दाखवले, की 1969 मध्ये खाणीतील काळ्या मजुराची खरी मजुरी 1911 पेक्षा जास्त नव्हती. आणि गोऱ्या कामगाराची रोख कमाई त्याच्या 20 पट होती. हा आकडा मुद्दाम पुन्हा सांगतो: 58 वर्षे गेली आणि मजुरी जागची हलली नाही.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. या माणसांना काहीच वाटत नव्हते असे नाही. त्यांना फार वाटत होते. ते सारे आपल्याच माणसांसाठी वाटून संपत होते.

उरलेले अर्धे उत्तर चर्चच्या इतिहासात आहे. 1829 साली केप प्रांतातील धर्मसभेने ठरवले होते, की प्रभुभोजनाच्या वेळी वर्णाचा भेद करता कामा नये. ख्रिस्ती उपासनेत एका भाकरीतून आणि एका प्याल्यातून सर्वांनी घ्यायचे असते. परंतु गोऱ्या मंडळीला काळ्या माणसाच्या ओठांचा प्याला चालेना. 1857 मध्ये त्याच धर्मसभेने नवा ठराव केला: एकत्र बसणे हेच शास्त्राला धरून आहे, तथापि काहींच्या दुर्बलतेमुळे ते जमत नसेल तर निराळी व्यवस्था करावी. म्हणजे तत्त्व शाबूत ठेवले आणि दुर्बलतेला सवलत दिली. 1881 मध्ये त्या सवलतीचे निराळे चर्च झाले, आणि विसाव्या शतकात शास्त्रीच सांगू लागले की वेगळे बसणे हीच ईश्वराची योजना आहे. ज्या गावात चहाच्या दुकानाबाहेर वेगळी कपबशी टांगलेली असे त्या गावात माझे बालपण गेले आहे. तेव्हा हा प्रवास मला समजावून घ्यावा लागला नाही.

बेयर्स नॉडे स्टेलेनबॉश विद्यापीठात शिकले. तेथे समाजशास्त्र शिकवायला व्हेरवूर्ट होते. 1939 मध्ये धर्मोपदेशकाची दीक्षा झाली. 1940 मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते बंधुसंघाचे सर्वांत तरुण सभासद झाले. त्याच वर्षी इल्झे वेडर यांच्याशी विवाह झाला. इल्झे मोरेव्हियन मिशनऱ्यांच्या घराण्यातल्या. पुढची वीस वर्षे मी भराभर ओलांडतो, कारण ती एका कर्तबगार, लोकप्रिय, वरच्या पायऱ्या चढत जाणाऱ्या पाळकाची वर्षे आहेत. 1948 साली नॅशनल पक्ष निवडून आला आणि पंतप्रधानपदी डी. एफ. मलान बसले, तेही एके काळचे डच रिफॉर्म्ड धर्मोपदेशक. नॉडे यांनी त्या राज्याला विरोध केला नाही. पास कायदे, वस्त्यांची वाटणी, शाळांची वाटणी हे सारे त्यांच्या डोळ्यांसमोर झाले. 1953 मध्ये ते युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, तेथील ख्रिस्ती लोकांनी प्रश्न विचारले, आणि आपली उत्तरे आपल्यालाच पटत नाहीत असे त्यांना आढळून आले. परत आल्यावर त्यांनी बायबल पुन्हा वाचायला घेतले, वर्णभेदाच्या समर्थनार्थ दिली जाणारी वचने एकेक तपासली, आणि त्यांत काही अर्थ नाही या निष्कर्षाला ते आले. पण बोलले नाहीत. पुढे काळ्या मंडळींत काम करणारे तरुण गोरे पाळक त्यांच्याकडे आपले गाऱ्हाणे घेऊन आले. “तुम्ही सांगता ते खरे वाटत नाही,” अशा भावाने नॉडे त्यांच्याबरोबर वस्त्या आणि खाणमजुरांच्या बराकी पाहायला गेले. ते परतले तेव्हा त्यांचा विश्वास बसला होता. तरीही ते जाहीरपणे बोलले नाहीत.

हे मी झाकून ठेवणार नाही, कारण त्यांनी स्वतः ते झाकले नाही. भीती वाटत होती, असे ते पुढे सांगत. तुरुंगाची भीती नव्हे. आपल्या माणसांना दुरावण्याची.

21 मार्च 1960 रोजी शार्पव्हिल येथे पास कायद्याविरुद्ध जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. 69 माणसे मेली. पुष्कळांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये जागतिक चर्च परिषदेच्या पुढाकाराने योहान्सबर्गच्या कॉटेस्लो वसतिगृहात आठ चर्चच्या सुमारे 80 प्रतिनिधींची बैठक भरली. नॉडे तीत होते. त्या बैठकीचे निवेदन आज वाचले तर सौम्य वाटते. मिश्र विवाहांना शास्त्राचा आडकाठा नाही. माणूस जेथे राहतो तेथे जमीन घेण्याचा त्याला हक्क आहे. स्थलांतरित मजुरीची पद्धत कुटुंबे मोडते आहे. बहुसंख्य काळ्या मजुरांची मजुरी पोटापुरतीही नाही. माझ्या मते स्फोटक होती ती ही शेवटची कलमे. विवाहाचा प्रश्न भावनेचा होता. मजुरीचा प्रश्न पायाचा होता. नॉडे यांचे जुने गुरू व्हेरवूर्ट आता पंतप्रधान होते. त्यांनी नाराजी जाहीर केली, बंधुसंघाने आपली दोरी ओढली, आणि 1961 मध्ये डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभांनी ते निवेदन झिडकारून जागतिक परिषदेतून अंग काढून घेतले. ज्यांनी सह्या केल्या होत्या ते एकामागून एक मागे सरले. नॉडे सरले नाहीत.

त्यानंतर 1963 साल. नॉडे तेव्हा योहान्सबर्गच्या आसफोएलकॉप येथील मंडळीचे पाळक होते. त्या नावाचा अर्थ गिधाडांची टेकडी. मंडळी मात्र सुखवस्तू, राज्यकर्त्या वर्गातली. त्याच वर्षी ते दक्षिण ट्रान्सव्हालच्या धर्मसभेचे अध्यक्ष निवडले गेले होते. त्यांनी बंधुसंघाचा राजीनामा दिला. तत्पूर्वी संघाची काही कागदपत्रे त्यांनी आल्बर्ट खेसर या बायबलच्या प्राध्यापक मित्राला सल्ल्यासाठी दाखवली. मित्राने ती वृत्तपत्राकडे दिली आणि गुप्त संघटनेचा बुरखा चव्हाट्यावर फाटला. पोलीस आले, तेव्हा नॉडे यांनी कागद आपणच दिल्याचे कबूल केले. गुप्ततेची शपथ त्यांनी मोडली होती. ‘विश्वासघातकी’ हा शब्द त्यांना जन्मभर चिकटला, आणि तो केवळ शत्रूंनी वापरला असे नाही. मला विचाराल तर, ज्या शपथेने देशाच्या बहुसंख्य जनतेला फसवले जात होते ती मोडणे योग्य होते. परंतु ते करताना त्यांना सुख झाले नाही, हेही मला योग्य वाटते.

ऑगस्टमध्ये ख्रिश्चन इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली. सर्व वर्णांचे ख्रिस्ती तीत एकत्र येणार होते. नॉडे यांना तिचे संचालकपद देऊ केले. चर्चने सांगितले, ते घ्याल तर धर्मोपदेशकाचे पद जाईल. सप्टेंबरमध्ये एका रविवारी ते व्यासपीठावर चढले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील, माणसांच्या हुकमापेक्षा ईश्वराचा हुकूम वरचा मानण्याविषयीचे वचन त्यांनी प्रवचनासाठी घेतले आणि आपला निर्णय मंडळीला सांगितला. वय 48, चार मुले. राहते घर, वेतन, प्रतिष्ठा, सारे चर्चचे. पंगतीतून उठणे म्हणजे काय, हे आपल्याकडे जातीने वाळीत टाकलेल्या सुधारकांच्या चरित्रांतून आपण वाचले आहे. ते तसेच झाले. जुने मित्र रस्ता ओलांडून जाऊ लागले.

बहुतेक चरित्रे या प्रवचनापाशी कळस गाठतात. मला मात्र त्यांचा मोठेपणा त्यानंतरच्या दहा वर्षांत अधिक दिसतो. सुरुवातीला या संस्थेचा भर गोऱ्यांची सदसद्विवेकबुद्धी जागी करण्यावर होता. ती जागी झाली नाही. 1969 मध्ये चर्च परिषदेच्या साह्याने त्यांनी एक मोठा अभ्यासप्रकल्प हाती घेतला. शिक्षण, कायदा, राजकारण, अर्थव्यवस्था अशा विषयांवर मंडळे नेमली. अर्थव्यवस्थेच्या मंडळाचा अहवाल 1972 साली आला. सत्ता, विशेषाधिकार आणि दारिद्र्य हे तीन शब्द त्याच्या नावातच आहेत. जाता जाता सांगतो: हे अहवाल छापण्यातून एक प्रकाशनसंस्था निघाली, आणि रँडल, व्हॅन झेल व नॉडे या तिघांच्या आडनावांतील अक्षरे जुळवून तिचे नाव ठेवले गेले ‘रावन’. मराठी कानाला ते जे ऐकू येते ते त्या सज्जनांच्या गावीही नसावे. परंतु सरकारला मात्र ती रावणासारखीच दहा तोंडांची वाटली.

याच सुमारास स्टीव्ह बिको आणि त्यांचे तरुण सहकारी म्हणू लागले, की गोऱ्या उदारमतवाद्यांनी आमच्या वतीने बोलणे पुरे करावे. वर्णद्वेष हा गोऱ्यांचा रोग आहे, त्यांनी तो आपल्या घरी जाऊन बरा करावा. अशा वेळी चांगले लोकही दुखावतात. आम्ही एवढे सोसले आणि हे ऐकून घ्यायचे काय, असे म्हणतात. आपल्या चळवळींत सवर्ण पुढारी दलित तरुणांविषयी असे बोलताना मी ऐकले आहे. नॉडे यांनी उलट केले. प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील कामाचा भाग बेनी खोआपा यांच्या नेतृत्वाखाली निराळा झाला आणि बिको त्यात काम करू लागले. पैसा मिळवून द्यायचा आणि हुकूम चालवायचा नाही, हे पथ्य धर्मादाय क्षेत्रात किती जण पाळतात, याची आपणांस कल्पना आहे. विशेषाधिकार सोडणारा माणूस पुष्कळदा नव्या जागी पहिली खुर्ची मागतो. साठीकडे झुकलेल्या या माणसाने ती मागितली नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला. बंद दारांआड चालणाऱ्या त्या चौकशीत साक्ष द्यायला नॉडे यांनी नकार दिला. खटला झाला, दंड झाला, आणि तो न भरता ते तुरुंगात गेले. दुसऱ्याने दंड भरल्यामुळे एका रात्रीनंतर बाहेर आले. 1975 मध्ये संस्थेला परदेशी पैसा घेण्याची बंदी करण्यात आली. 16 जून 1976 रोजी सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळीबार झाला. 12 सप्टेंबर 1977 रोजी बिको पोलिसांच्या कोठडीतील मारहाणीने मरण पावले. 19 ऑक्टोबरला ख्रिश्चन इन्स्टिट्यूट आणि अन्य अनेक संघटना बेकायदा ठरल्या, आणि नॉडे यांच्यावर बंदीहुकूम बजावला गेला.

तो सात वर्षे चालला. एका वेळी एकाहून अधिक माणसांशी बोलायचे नाही. योहान्सबर्गचा विभाग सोडायचा नाही. त्यांचे वाक्य कोणी छापायचे नाही. ज्याची सारी हयात व्यासपीठावर गेली त्याला एका श्रोत्याची शिक्षा! लोक एकेकटे येऊ लागले. विद्यार्थी, पाळक, भूमिगत कार्यकर्ते, परदेशी पाहुणे. एक निघाला की दुसरा आत. 1980 मध्ये त्यांनी गोरे चर्च सोडले आणि त्याच चर्चच्या काळ्या शाखेत ते सामील झाले. 1982 मध्ये ऑटावा येथे जगातील रिफॉर्म्ड चर्चच्या महासंघाने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन म्हणजे पाखंड होय असे ठरवले. ज्या 1857 च्या सवलतीतून हे सारे वाढले, तिला सव्वाशे वर्षांनी त्यांच्याच पंथाने दिलेले हे उत्तर होते.

सप्टेंबर 1984 मध्ये बंदी उठली. पुढच्या वर्षी डेस्मंड टूटू यांच्यानंतर ते दक्षिण आफ्रिकेच्या चर्च परिषदेचे सरचिटणीस झाले. मे 1990 मध्ये मंडेला यांच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने सरकारशी बोलणी करायला ग्रूट स्किअर येथे जे शिष्टमंडळ नेले, त्यात एकच आफ्रिकानर होता. समोरच्या बाजूला बसलेल्या मंत्र्यांची भाषा ही त्याची मातृभाषा होती, आणि त्यांच्या बंधुसंघाचा पहिला अध्यक्ष हा त्याचा बाप होता.

1994 मध्ये राज्य बदलले. त्याच वर्षी डच रिफॉर्म्ड चर्चच्या महासभेने नॉडे यांना बोलावून त्यांची जाहीर क्षमा मागितली. मजुरीचे आणि जमिनीचे तक्ते मात्र क्षमा मागितल्याने बदलत नसतात. 2014 च्या पाहणीत त्या देशाचा उत्पन्नविषमतेचा गिनी गुणांक 0.63 होता, मोजमाप होणाऱ्या देशांत याहून अधिक विषमता क्वचितच आढळते. त्याचा विचार पुढच्या व्याख्यानात करू.

उतारवयात नॉडे आणि इल्झे पुन्हा आसफोएलकॉपच्या मंडळीत जाऊन बसू लागले. 2001 मध्ये योहान्सबर्गमधील डी. एफ. मलान यांच्या नावाच्या रस्त्याला बेयर्स नॉडे यांचे नाव देण्यात आले. 7 सप्टेंबर 2004 रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी ते वारले. अंत्यविधीची उपासना सरकारी इतमामाने त्याच आसफोएलकॉपच्या चर्चमध्ये झाली. रक्षा मात्र तेथे ठेवली नाही. ती योहान्सबर्गलगतच्या अलेक्झांड्रा या काळ्या मजुरांच्या वस्तीत नेऊन विखुरण्यात आली.